डोक्याला हात लावू न देणाऱ्यांचा ईईजी: कसा घ्यायचा आणि त्यात काय वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा: अँजलमन, रेट, फ्रॅजाइल एक्स, डुप-१५-क्यू यांसारखे जनुकीय विकासविकार असलेल्या मुलांचा किंवा मोठ्यांचा ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूच्या विजेची नोंद) कामाचा ठरेल असा कसा घ्यायचा? इलेक्ट्रोडची कॅप डोक्यावर राहत नाही, राहिली तर निम्मी नोंद हालचालींनी भरते, आणि शेवटी रिपोर्टमध्ये ‘बॅकग्राउंड संथ, स्पाइक आहेत’ एवढंच येतं. त्यातून पुढे काय काढायचं?

उत्तराचा गाभा आधी सांगतो. या विकारांत स्पाइकपेक्षा (अचानक उठणाऱ्या टोकदार लाटेपेक्षा) बॅकग्राउंड, म्हणजे मागे सतत चालणारा ताल, जास्त बोलकं असतं, आणि नेमकं तेच सगळ्यात सहज बिघडतं. स्पाइक टोकदार असतो, गढूळ नोंदीतूनही अनुभवी डोळा तो टिपतो. पण ‘डेल्टा जास्त आहे’ किंवा ‘बीटा वाढलाय’ (लाटांचे पट्टे संथ ते वेगवान: डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा, गॅमा) असं म्हणायचं असेल, तर रुग्ण जागा होता की पेंगत होता, शेवटची गोळी कधी घेतली होती, जबडा आवळलेला होता का, हे सगळं माहीत असावं लागतं. म्हणून खरी मेहनत इलेक्ट्रोड लावायच्या आधी करायची असते.

काय शोधतोय, ते आधी ठरवा

अँजलमनमध्ये आईकडून आलेलं यूबीई३ए जनुक मेंदूच्या पेशींत काम करत नाही. त्याच्या ईईजीचं नीट वर्णन बॉइड, हार्डन आणि पॅटन यांनी १९८८ मध्ये केलं. ते तीन नमुने आजही तसेच वापरात आहेत. पहिला, २ ते ३ हर्ट्झच्या तालबद्ध लाटा, २०० ते ५०० मायक्रोव्होल्ट उंचीच्या, बहुधा पुढच्या भागात ठळक. दुसरा, ४ ते ६ हर्ट्झचा पसरलेला ताल, जो पेंग नसतानाही दिसतो. तिसरा, मागच्या भागातले स्पाइक आणि संथ लाटा, जे डोळे मिटल्यावर उमटतात किंवा फक्त तेव्हाच दिसतात. हा तिसरा नमुना रोजच्या कामात हमखास निसटतो, कारण ‘डोळे मीट’ म्हटलं की मीटणारं मूल यांत क्वचितच असतं. पालकांनी हाताने डोळे हलकेच झाकायचे, ५ ते १० सेकंद, आणि असं निदान सहा-सात वेळा. प्रत्येक वेळी नोंदीत खूण करायची. खूण नसेल तर नंतर वाचणाऱ्याला तो भाग सापडत नाही.

लाटा एवढ्या उंच असल्यामुळे नेहमीच्या ७ मायक्रोव्होल्ट प्रति मिलिमीटर सेटिंगवर सगळे चॅनेल एकमेकांत गुंततात. १५ किंवा २० वर जा, मग आकार दिसतो. मात्र काही नोंदी ७ वरही पाहा, नाहीतर बारीक बीटा नजरेतून जातो.

गुणसूत्र १५ च्या त्याच पट्ट्यात गाबा-ए रिसेप्टरचे (मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहकाचे) भाग बनवणारी तीन जनुकं शेजारी-शेजारी आहेत: जीएबीआरबी३, जीएबीआरए५ आणि जीएबीआरजी३. आईकडून आलेला तो पट्टा गळाला, तर अँजलमनचा डिलीशन प्रकार होतो. आईकडून आलेला तोच पट्टा दुप्पट-तिप्पट झाला, तर डुप-१५-क्यू. आणि डुप-१५-क्यूमध्ये १२ ते ३० हर्ट्झचा बीटा ठळकपणे वाढलेला दिसतो, अगदी बेंझोडायझेपिन (फिट थांबवणारी, झोप आणणारी औषधं) घेतल्यावर दिसतो तसा. एकाच पट्ट्याच्या कमी-जास्त मात्रेची छाप ईईजीवर इतकी थेट उमटलेली फार कमी ठिकाणी पाहायला मिळते. यातला अडथळाही उघडच आहे. यांतल्या अनेकांना फिटसाठी क्लोबाझॅम किंवा क्लोनाझेपॅम चालू असतं, आणि ती औषधंही बीटाच वाढवतात. औषधाची नोंद नसेल तर त्या बीटाचा अर्थ लावू नका.

फ्रॅजाइल एक्समध्ये एफएमआर१ जनुकातला सीजीजी हा तुकडा २०० पेक्षा जास्त वेळा आलेला असतो आणि जनुक बंद पडतं. इथे स्वस्थ बसलेल्या अवस्थेत गॅमा, म्हणजे साधारण ३० हर्ट्झच्या वरचा पट्टा, वाढलेला मिळतो. थीटा वाढतो, अल्फा कमी पडतो. आवाज ऐकवल्यावर येणारी एन१ लाट मोठी असते, आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला तरी ती नेहमीइतकी उतरत नाही. ४० हर्ट्झच्या आसपास मेंदूचा प्रतिसाद आवाजाच्या ठेक्याला नीट बांधलेला राहत नाही. संशोधनासाठी हा सगळ्यात आकर्षक विकार, आणि मोजायला सगळ्यात धोक्याचा. कारण मानेच्या, कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज नेमकी याच पट्ट्यात येते, आणि अस्वस्थ माणूस स्नायू आवळतोच. ‘गॅमा वाढला’ या निष्कर्षाआधी ‘हा टेम्पोरल (कानाजवळच्या) कडेच्या इलेक्ट्रोडवरच जास्त आहे का’ हे पाहणं बंधनकारक समजा.

रेटमध्ये, म्हणजे एमईसीपी२ जनुकाच्या बिघाडात, मागच्या भागातला जागेपणीचा ताल वयानुसार मंदावतो किंवा हरवतो, मध्यरेषेजवळ थीटा येतो, सेंट्रोटेम्पोरल (माथ्याच्या मध्यापासून कानाकडच्या) भागात स्पाइक दिसतात. पण या मुलींच्या बाबतीत ईईजीचं सगळ्यात मोलाचं काम वेगळंच आहे: घरी ‘फिट’ म्हणून मोजले जाणारे प्रसंग खरंच फिट आहेत का, हे ठरवणं. टक लावून थांबणं, श्वास रोखणं, अंग ताठ होणं, हसू फुटणं, यांतले बरेच प्रसंग व्हिडिओ-ईईजीवर फिट निघत नाहीत. उलट, झोपेतल्या काही खऱ्या फिट कोणाच्या लक्षातही आलेल्या नसतात. छातीवर श्वासाचा पट्टा न लावता रेटचा ईईजी घेतला तर तो अर्धाच झाला. जागेपणी जोरजोरात श्वास घेण्याचे झटके आले की लाटा आपोआप संथ आणि उंच होतात, आणि श्वासाची नोंद नसेल तर ते ‘बॅकग्राउंड बिघडलं’ असं वाचलं जातं.

ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय विकार) वेळच सगळं काही आहे. तिथे बाळाला फिट येण्याआधीच ईईजीवर खुणा दिसू शकतात. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार लक्षणं नसलेल्या बाळाचा ईईजी पहिल्या वर्षभरात दर ६ आठवड्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर ३ महिन्यांनी करायचा असतो. ड्रावेमध्ये (बहुधा एससीएन१ए जनुकाच्या बिघाडाने होणारा बाळवयातला फिटचा विकार) उलट: पहिल्या वर्षात ईईजी बऱ्याचदा चांगलाच दिसतो, तेव्हा ‘नॉर्मल’ रिपोर्टने एससीएन१ए ची शंका मिटत नाही. सिनगॅप-१ जनुकाच्या विकारात पापण्यांचे झटके आणि जेवताना येणारे झटके शोधायचे, म्हणून नोंदीच्या वेळी मुलाला काहीतरी खायला द्या. चावण्याने नोंद खराब होईल, होऊ द्या. त्या दहा मिनिटांतच उत्तर असू शकतं.

नोंदीच्या आधीचे दिवस

डोक्याला स्पर्श सहन न होणाऱ्या व्यक्तीला थेट कॅप घालायला गेलात, तर ती पहिली आणि शेवटची भेट ठरते. दोन-तीन आठवडे आधी जुनी किंवा सरावाची कॅप घरी द्या. पहिले काही दिवस ती फक्त खोलीत पडून राहू दे, मग बाहुलीच्या डोक्यावर, मग पालकांच्या, मग मुलाच्या डोक्यावर ५ सेकंद, ३० सेकंद, २ मिनिटं. प्रत्येक वेळी कॅप मुलाने ओढायच्या आत मोठ्यांनी काढायची. ओढल्यावर काढली, की ओढणंच शिकवलं जातं. ओल्या कापसाचा आणि बोथट टोकाच्या कापूसकाडीचा स्पर्शही याच सरावात घ्या, कारण प्रत्यक्षात नको होतं ते जेलचं थंड ओलेपण, कॅप नव्हे.

केस आदल्या दिवशी साध्या शांपूने धुवायचे. तेल, कंडिशनर, केसांचं जेल काही नाही. औषधं ठरल्या वेळी द्यायची. ईईजीसाठी फिटची गोळी चुकवू नये. सगळ्या औषधांची नावं, मात्रा आणि शेवटच्या डोसची वेळ एका कागदावर लिहून घ्या. सोबत आदल्या रात्रीची झोप, शेवटची फिट, आणि पालकांच्या फोनमधला संशयास्पद प्रसंगाचा व्हिडिओ. हा व्हिडिओ आधी पाहून ठेवला, की नोंद चालू असताना ‘हाच तो प्रसंग’ हे तंत्रज्ञाला ओळखता येतं.

काही गोष्टी आधी विचारल्याच पाहिजेत. डाउन सिंड्रोम आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ मध्ये मोयामोया हा मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार असू शकतो. अशा व्यक्तीकडून जोरजोरात श्वास घ्यायला लावणं धोक्याचं आहे. डाउनमध्ये मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, तेव्हा कॅप बसवताना मान जोराने वळवू नका. रेटमध्ये हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा काळ लांबलेला असू शकतो. ईसीजीचा चॅनेल प्रत्येक नोंदीत ठेवाच, आणि झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला हे आधी सांगा. फोटिक (लुकलुकणारा) दिवा लावायचा असेल तर तो शेवटी. फिट आली तरी बाकीची नोंद हातात असते.

इलेक्ट्रोड आणि कॅप

कॅप वयावरून निवडू नका, डोक्याच्या घेरावरून निवडा. अँजलमन आणि रेटमध्ये डोकं लहान राहिलेलं असतं, फ्रॅजाइल एक्समध्ये बऱ्याचदा मोठं. १० वर्षांच्या अँजलमनच्या मुलाला १० वर्षांची कॅप घातली, तर ती सैल बसून सगळे बिंदू मागे सरकतात. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजा, मध्य काढा. एका कानापासून दुसऱ्यापर्यंत मोजून दुसरा मध्य काढा. दोन्ही जिथे मिळतात तिथेच सीझेड, म्हणजे माथ्यावरचा मध्यबिंदू. इलेक्ट्रोडच्या जागा ठरवणाऱ्या, १९५८ पासून रूढ असलेल्या १०-२० पद्धतीचा हाच पाया. अँजलमनमध्ये डोक्याची मागची बाजू चपटी असते. तिथे ओ१ आणि ओ२ (डोक्याच्या मागचे दोन बिंदू) हवेत राहतात, आणि नेमके तेच बिंदू तिसऱ्या नमुन्यासाठी लागतात. त्या जागी कॅपच्या वरून मऊ फोमची पट्टी आणि ताणाची पट्टी लावली की काम होतं.

वाट्यांचे इलेक्ट्रोड असतील तर जागा खरखरीत जेलने हलकेच घासा, पेस्ट भरा, इंपिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांमधला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणा. सगळे बिंदू एकमेकांच्या जवळपास असावेत. एक १ वर आणि शेजारचा २० वर असेल, तर ५० किंवा ६० हर्ट्झची घरच्या विजेची गुणगुण तिथूनच शिरते. मिठाच्या पाण्याची जाळी वापरत असाल तर ती मिनिटांत चढते, ५० किलोओहमपर्यंत चालते, आणि घासावं लागत नाही. हट्टी मुलांसाठी हीच बरी. पण तासाभरात ती वाळते, आणि पाणी जास्त झालं तर शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ओलावा पसरून दोघे एकच झाल्यासारखे वागतात. दोन बिंदूंतला फरक अचानक सपाट दिसला, तर मेंदू शांत झालेला नाही, पाणी जोडलं गेलंय.

कमी वेळ मिळणार असेल तर ६४ किंवा १२८ चॅनेलचा मोह सोडा. १९ ते ३२ चांगले चॅनेल पुरतात. जास्तीचे इलेक्ट्रोड लावायला २० मिनिटं गेली, तर मुलाच्या संयमातली तीच २० मिनिटं कमी झाली. त्याऐवजी डोळ्याच्या खाली एक, हनुवटीवर एक आणि ईसीजीसाठी दोन लावा. जिभेचं टोक विजेच्या दृष्टीने ऋण असतं आणि ती हलली की पुढच्या भागात संथ लाट उमटते. अँजलमनमध्ये जीभ सतत पुढे येत असते, लाळ गळते, आणि ती लाट डेल्टासारखीच दिसते! हनुवटी आणि डोळ्याखालच्या बिंदूंवर ती सगळ्यात मोठी असेल, तर ती जीभ. डोक्याच्या पुढच्या भागावर मोठी आणि खाली उतरणारी असेल, तरच मेंदू म्हणा.

नोंद घेताना

रेकॉर्डिंगचा वेग निदान ५०० नमुने प्रति सेकंद ठेवा, गॅमा बघायचा असेल तर १०००. मूळ फाइल फिल्टरशिवाय साठवा. पडद्यावर ०.५ ते ७० हर्ट्झ लावा. नॉच फिल्टर (घरच्या विजेची गुणगुण गाळणारा) पडद्यापुरताच, आणि तोही इंपिडन्स सुधारून बघितल्यावर. वर ‘डेल्टा वाढला का’ विचारायचं आणि खालची मर्यादा १.५ वर ठेवायची, हे दोन्ही एका वेळी चालत नाही.

२० मिनिटांची नोंद ही किमान पातळी आहे. या विकारांत ६० ते ९० मिनिटं धरा, आणि त्यात झोप असलीच पाहिजे. झोपेत स्पाइक वाढतात, आणि काही मुलांमध्ये झोपेत जवळजवळ सतत स्पाइक-वेव्ह चालू असतात, ज्याचा जागेपणी पत्ताही लागत नाही. भाषा मागे सरकलेल्या मुलाचा, विशेषतः ग्रिन२ए जनुकाच्या बिघाडाची शंका असताना, जागेपणीचाच ईईजी करून पाठवणं म्हणजे प्रश्नच न विचारणं. आदल्या रात्री उशिरा झोपवून, दिवसाच्या डुलकीच्या वेळी बोलवणं बहुतेकांना पुरतं. मेलाटोनिन नोंदीत फार ढवळाढवळ करत नाही. झोपेचं औषध मिडाझोलाम बीटा वाढवतं, म्हणजे डुप-१५-क्यूच्या व्यक्तीसाठी तर नकोच. डेक्समेडेटोमिडीन या औषधाची झोप नैसर्गिक एन२ (दुसऱ्या टप्प्याच्या) झोपेच्या जवळ जाते, पण नाडी मंदावते, त्यामुळे ती देखरेखीखालीच.

जागेपणी मूल शांत बसावं म्हणून बुडबुडे किंवा आवाज बंद केलेला व्हिडिओ दाखवा. एकच व्हिडिओ सगळ्यांना, प्रत्येक भेटीत तोच. एकाला व्हिडिओ आणि दुसऱ्याला अंधारी खोली असं केलं, तर तुम्ही अल्फाची तुलना करत नाही, खोल्यांची करता. आईच्या मांडीवर बसवलं तर चालतं, पण आईला झुलवू देऊ नका. झुलण्याचा ताल १ ते २ हर्ट्झचा असतो आणि वायर हलली की हुबेहूब डेल्टा उमटतो. रेटमधल्या हात चोळण्याचंही तेच. वायरी मागे एकाच वेणीत बांधून खांद्याला टेपने चिकटवा.

नोंद संपेपर्यंत एक जण फक्त खुणा करण्यासाठी ठेवा: डोळे झाकले, खाल्लं, रडलं, दात खाल्ले, पेंग आली, श्वास रोखला.

आवाज किंवा चित्रांचा प्रतिसाद मोजायचा असेल

संगणकाने आवाज ‘पाठवल्याची’ वेळ आणि कानात तो पोचल्याची वेळ यांत फरक असतो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. पडद्यावर फोटोडायोड आणि स्पीकरपाशी मायक्रोफोन लावून तो आधी मोजा. ४० हर्ट्झची एक लाट २५ मिलिसेकंदांची. विलंब १० मिलिसेकंदांनी मागेपुढे होत असेल, तर ‘ठेका जुळत नाही’ हा निष्कर्ष रुग्णाबद्दल नव्हे, साउंड कार्डबद्दल झाला.

प्रतिसादाची सरासरी काढताना गोंधळ चाचण्यांच्या (ऐकवण्या-दाखवण्याच्या फेऱ्यांच्या) संख्येच्या वर्गमुळाने घटतो. १०० चाचण्यांनी दहापट, ४०० चाचण्यांनी वीसपट. म्हणून २०० च्या पुढे रेटत बसण्यापेक्षा मूल शांत असतानाच्या १०० चांगल्या. आणि दोन गटांची तुलना करताना चाचण्यांची संख्या सारखी करा. ठेक्याची एकवाक्यता मोजणारी मापं कमी चाचण्यांवर खोटी वाढलेली दिसतात, आणि कमी चाचण्या नेहमी रुग्णांच्याच गटात उरतात.

आकडे काढताना

जागेपणी डोळे उघडे, डोळे मिटलेले आणि एन२ झोप हे वेगळे करा, प्रत्येकातून निदान २-३ मिनिटं स्वच्छ भाग मिळवा, २ सेकंदांचे तुकडे पाडा. तुकडे निवडणाऱ्याला निदान माहीत नसावं.

१०० मायक्रोव्होल्टच्या वर गेलेला तुकडा आपोआप टाकायची सवय अनेक प्रोग्रॅमना असते. अँजलमनमध्ये त्याने रोगच फेकला जातो. मर्यादा वाढवा आणि डोळ्याने निवडा. सापेक्ष पॉवरनेही (एकूण ताकदीतला प्रत्येक पट्ट्याचा वाटा) फसायला होतं: डेल्टा प्रचंड वाढला की बाकीचे सगळे पट्टे ‘कमी’ दिसतात, प्रत्यक्षात तसेच असतात. निरपेक्ष आकडेही द्या, आणि स्पेक्ट्रमचा एकूण उतार वेगळा काढून मग शिखरं बघा.

आयसीए (मिसळलेले संकेत वेगळे करणारी गणिती पद्धत) वापरताना हिशेब करा. चॅनेलच्या संख्येच्या वर्गाच्या निदान २० पट नमुने लागतात. ३२ चॅनेल, २५० नमुने प्रति सेकंद, तर सुमारे ८२ सेकंद पुरतात. १२८ चॅनेलला जवळजवळ २२ मिनिटं लागतात. ६ मिनिटांच्या नोंदीवर १२८ चॅनेलचा आयसीए चालतो खरा, पण त्यातून निघणारे घटक विश्वासाचे नसतात.

तुलना वयानुसारच. मागच्या भागातला ताल ३-४ महिन्यांच्या बाळात ३-४ हर्ट्झचा असतो, वर्षाच्या सुमारास ६, तिसऱ्या वर्षी ८. चार वर्षांच्या मुलाच्या नोंदीत ६ हर्ट्झ संथ आहे, वर्षाच्या बाळात नाही.

रिपोर्ट आणि त्यानंतर

स्पाइक दिसले म्हणून औषध वाढवायचं नसतं. फिट नसलेल्या फ्रॅजाइल एक्सच्या मुलालाही स्पाइक असू शकतात. अँजलमनमध्ये मात्र उलटी अडचण येते. मूल दोन दिवस गप्प, लाळ जास्त, हातपाय थरथरतात, आणि ईईजी उंच संथ लाटांनी भरलेला. ही सततची न दिसणारी फिट आहे की त्याचं नेहमीचंच बॅकग्राउंड? एकट्या आजच्या नोंदीवरून सांगता येत नाही. जुनी नोंद, मूल बरं असतानाची, शेजारी ठेवूनच सांगता येतं. बेंझोडायझेपिन देऊन लाटा उतरल्या तरी पुरत नाही, मूलही पूर्वपदावर आलं पाहिजे.

म्हणून पालकांच्या हातात फक्त छापील रिपोर्ट देऊ नका. मूळ नोंदीची ईडीएफ (बहुतेक ईईजी प्रोग्रॅममध्ये उघडणारी) फाइल, व्हिडिओ आणि औषधांचा तो कागद एकत्र द्या, आणि फाइलच्या नावात तारीख, वय आणि ‘बरं असताना’ किंवा ‘आजारी असताना’ हे शब्द लिहा.